उधन्याचे इटलीवाले

आपल्याला ओळखत नाही असा माणूस अजून जन्माला यायचा आहे, अशी पक्की खात्री बाळगणारी दोनच माणसं मी आयुष्यात पाहिली. एक आमच्या शाळेचे हेडमास्तर. त्यांची खात्री निदान सुरतेच्या उधना ते भेस्तान एवढ्या टापूत तरी खरी होती. दुसरे म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आलेले इटालियन गृहस्थ. ते आले तेव्हा अख्ख्या सुरतेत त्यांना काळं कुत्रं ओळखत नव्हतं. पण आज उधन्यात हेडमास्तरांचं नाव घेतलं तर लोक ‘कुठले?’ म्हणून विचारतात, आणि ‘इटलीवाला’ म्हटलं की चहाच्या टपरीवर बसलेली चार माणसं बाकावर सरकून जागा करून देतात.

नव्वदीच्या त्या वर्षांत सुरतेला परदेशी लूमचं वेड लागलं होतं. आमचे हे ज्या कारखान्यात सुपरवायझर होते, तिथल्या शेठनंही इटलीतून वापरलेले लूम मागवले. मोठमोठ्या लाकडी खोक्यांतून लूम आले आणि त्यांच्या मागोमाग ते जोडून द्यायला हे गृहस्थ आले. साठी उलटलेली. मान नावाचा अवयव देव द्यायचाच विसरलेला, त्यामुळे खांदे थेट कानांपासून सुरू व्हायचे. नाक आधी डावीकडे निघालेलं, मग विचार बदलून उजवीकडे वळलेलं. कारखान्यानं त्यांची सोय स्टेशनजवळच्या हॉटेलात केली होती, पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी खोलीत स्टोव्ह पेटवून लसणाची फोडणी दिली. हॉटेल शुद्ध शाकाहारीच काय, कांदालसूणही वर्ज्य असलेलं. मालकानं बॅग बाहेर ठेवली. संध्याकाळी हे त्यांना स्कूटरच्या मागच्या सीटवर बसवून घरी घेऊन आले. स्कूटरचं पुढचं चाक जमिनीला टेकलंय की नाही, हे मी गॅलरीतून निरखून पाहत होते.

त्यांचं खरं नाव इतकं लांब होतं की ते सांगून होईपर्यंत ऐकणारा जिना चढून वर जाई. सुरतेच्या लोकांनी त्यावर झटपट तोडगा काढला. जिथे रेशमवाला, जरीवाला, तमाकूवाला ही आडनावं गल्लोगल्ली आहेत, तिथे इटलीहून आलेला माणूस इटलीवाला झाला नसता तरच नवल. पुढे तर ज्यांना काही माहीत नव्हतं त्यांना हे आडनाव चार पिढ्यांचं जुनं वाटू लागलं. गोरा रंग, भरघोस नाक, वर इटलीवाला, म्हणजे हा पारशीच असणार असं बाजारानं ठरवून टाकलं. भाजीवाली त्यांना पहिल्याच दिवशी म्हणाली, “केम भाई, नवसारीना?” तुम्ही नवसारीचे का, एवढंच बिचारीनं विचारलं होतं. इटलीवाल्यांना वाटलं, रामराम करायची इथली ही पद्धत. तेव्हापासून रस्त्यात जो भेटेल त्याला हात उंचावून ते खणखणीत आवाजात “नवसारी! नवसारी!” म्हणू लागले. पुढे पुढे गल्लीतले लोकही त्यांना पाहिलं की हात वर करून “नवसारी!” म्हणत, आणि रिक्षावाले उगाच ब्रेक दाबत.

आता मुख्य गोष्ट सांगते. तरुणपणी हे गृहस्थ मुष्टियोद्धे होते आणि युरोपचे चॅम्पियन होते. हे आम्हाला कळायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत, कारण घरात पाऊल टाकल्या टाकल्या त्यांनी छातीवर बोट ठेवून सांगितलं, “आय, चॅम्पियन. युरोपा!” मग पाकिटातून एक पिवळा पडलेला फोटो काढला. त्यात एक उघडाबंब तरुण दोन्ही हात वर करून उभा होता. नाक सरळ होतं, म्हणून आधी ओळख पटेना. माझ्या सासूबाईंनी फोटो डोळ्यांजवळ नेऊन नीट पाहिला आणि मला विचारलं, “हाऊ काय काम करस?” मी म्हटलं, “मारामारी करायचे. बक्षीस मिळायचं.” सासूबाई धरणगावच्या. त्यांच्या अहिराणीला सुरतेत तीस वर्षं राहूनही ओरखडा पडला नव्हता. त्या म्हणाल्या, “इतला चांगला मानूस, आनी मारामाऱ्या कसाले करस?” इटलीवाल्यांना वाटलं, त्या कौतुक करताहेत. त्यांनी वाकून त्यांच्या हाताचं चुंबन घेतलं आणि “माम्मा!” म्हणाले. सासूबाईंनी हात झटक्यानं मागे घेतला. “माले मामा म्हनस! मी काय मिशीवाली शे?” ती आई म्हणण्याची त्यांच्याकडची रीत आहे, हे मी समजावलं तेव्हा कुठे त्या निवळल्या. पण नंतरही कुणासमोर त्यांनी हाक मारली की त्या आधी पदर ओठांवर ओढून घेत.

इटलीत म्हणे त्यांना रस्त्यानं चालता येत नसे. कॉफीवाला पैसे घेत नसे, न्हावी घेत नसे, बायका बाळं आणून त्यांच्या मुठीला हात लावून नेत. सुरतेत पहिले काही दिवस त्यांना ही उणीव जाणवली नाही, कारण आपल्याकडे गोरा माणूस दिसला की लोक काम टाकून बघत उभे राहतात, आणि ते बघणं म्हणजे ओळखणं असं ते धरून चालले. एकदा टपरीवर एकजण त्यांच्याकडे वाकून पाहत होता. त्याला खरं तर त्यांच्या घड्याळात किती वाजले ते हवं होतं. इटलीवाल्यांनी त्याच्या हातातला बिस्किटाचा पुडा घेतला, त्यावर झोकात सही केली आणि पाठीवर थाप मारली. तो माणूस थापेनं बाकावरून घसरला. रिक्षाच्या ताडपत्रीवर, केळीच्या लाकडी गाडीवर, आमच्या दुधाच्या पिशवीवर, जिथे पृष्ठभाग मिळेल तिथे त्यांनी सह्या केल्या. मी तपासायला आणलेल्या नववीच्या पेपरांच्या गठ्ठ्यावरही एक सही सापडली. ती नेमकी नापास झालेल्या मुलीच्या पेपरावर होती, आणि तिच्या वडिलांना ती शिक्षणाधिकाऱ्यांची वाटली.

रात्रीचं जेवण ते आमच्याकडेच घेत, आणि जेवणानंतर जर्मनाची लढत होई. हा जर्मन म्हणजे ज्याला हरवून ते चॅम्पियन झाले तो. आमचे हे कधी खांबाच्या जागी, तर कधी पंचाच्या जागी उभे राहत. जर्मनाचं काम पाण्याच्या पिंपाकडे होतं. शेवटच्या फेरीत इटलीवाले डावा हात पोटाशी नेऊन, उजव्यानं असा काही झपाटा मारत की वाऱ्यानं भिंतीवरचं कॅलेंडर पुढच्या महिन्यावर जाई. मग जर्मन कसा पडला हे स्वतः पडून दाखवत, आणि पंच होऊन आकडेही तेच मोजत. सुरुवातीला हा जर्मन त्यांच्याच उंचीचा होता. श्रावण लागेपर्यंत तो आमच्या पंख्याला टेकला. हे एकदा म्हणाले, “पण साहेब, बॉक्सिंगमध्ये दोघांचं वजन सारखं असतं ना?” इटलीवाल्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, “वेट सेम. बोन्स बिग.”

दिवसभर कारखान्यात ते लूमशीही मुठी आवळूनच बोलत. एखादा लूम रुसला की त्याच्यासमोर पवित्रा घेऊन उभे राहत, आणि सगळे कामगार धोटा टाकून बघायला जमत. कामगार बहुतेक आमच्या खानदेशचे. कुस्ती त्यांच्या रक्तातली. त्यांचा पुढारी दगडूभाऊ जॉबर, म्हणजे मुकादम, स्वतः तालमीत घुमलेला. त्याला जर्मनाची गोष्ट अर्धीच समजली होती, उरलेली अर्धी त्यानं आपल्या मनानं भरून काढली आणि शिफ्टमागून शिफ्टला सांगितली. त्याच्या गोष्टीत जर्मन दोन होते. कानबाईच्या उत्सवाला उधन्यातल्या खानदेशी मंडळींनी इटलीवाल्यांना मानाचा पाहुणा म्हणून नेलं, डोक्याला फेटा बांधला. देवीच्या विसर्जनाच्या मिरवणुकीत ते सबंध रस्ताभर वाजंत्र्यांपुढे नाचले. नाचताना एक हात हनुवटीशी बचावाला ठेवायला मात्र विसरले नाहीत. त्या दिवशी घरी आले तेव्हा कपाळभर कुंकू, गळ्यात तीन हार. जिन्यात थांबून मला म्हणाले, “मादाम, सेम लाइक इटली.” इतकं तृप्त माणूस मी नंतर क्वचितच पाहिलं.

आणि नेमकं त्यानंतर इटलीहून त्या कंपनीचा एक तरुण इंजिनियर आला.

लूम चालू करण्याआधी विजेची पॅनेलं तपासायला त्याला यायचं होतं. ही बातमी आली तसा कारखान्यात उत्साह संचारला. एक इटालियन दुसऱ्या इटालियनला भेटणार, तेही चॅम्पियनला! तो पाया पडेल की मिठी मारेल, यावर लोकांनी चहाच्या पैजा लावल्या. इटलीवाल्यांनी सकाळी दोनदा दाढी केली, त्या उकाड्यात लोकरीचा कोट चढवला आणि छातीला पदक लावलं. मलाही शाळेला सुट्टी होती म्हणून ह्यांच्याबरोबर गेले. गेटपाशी शेठ, हार घेऊन उभा दगडूभाऊ, मागे दोन शिफ्टचे कामगार. गाडी आली. पोरसवदा, चष्मा लावलेला इंजिनियर उतरला. इटलीवाले पुढे झाले आणि त्यांनी आपलं ते लांबलचक नाव, शेवटचा स्वर हवेत रेंगाळेल अशा थाटात उच्चारलं.

इंजिनियरनं हसून हात मिळवला, आपलं नाव सांगितलं आणि पॅनेल कुठे आहे म्हणून शेठला विचारलं.

कुणालाच काही समजेना. दगडूभाऊनं हार तसाच धरून त्याला अडवलं. “साब, ये चॅम्पियन है ना? युरोपका?” तो मुलगा गोंधळला. त्यानं मान वळवून म्हाताऱ्यांकडे पाहिलं आणि सरळपणानं इंग्रजीत म्हणाला, “सॉरी, मला माहीत नाही. मी फक्त फुटबॉल पाहतो.” त्याच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता, हेच वाईट होतं. इटलीवाले तेवढ्यात कोटाचं बटण काढायला लागले होते. पदक काढून त्यांनी खिशात टाकलं आणि पान्ह्यांची पेटी उचलून ते लूमकडे गेले.

त्या संध्याकाळी ते जेवायला आले नाहीत. ताट वर पाठवलं तर तसंच परत आलं. दुसऱ्या दिवशी रस्त्यात कुणी “नवसारी!” म्हणालं तर त्यांनी नुसती मान हलवली. गल्लीत कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणे नुसता थापाड्या आहे, कुणी म्हणे फोटो भावाचा असेल, नाक बघा ना. कतारगामहून आलेल्या एका ट्रकवाल्यानं ‘चॅम्पियन’ म्हणून डोळा मारला तेव्हा दगडूभाऊ त्याच्या अंगावर धावून गेला, पण नंतर माझ्या यजमानांपाशी येऊन हळूच म्हणाला, “साहेब, तुम्हीच सांगा, खरं काय समजायचं?” 

तिसऱ्या दिवशी रविवार होता. सासूबाईंनी सकाळीच शेवभाजी आणि कळण्याच्या भाकरीचा घाट घातला, आणि त्या इंजिनियरला जेवायला बोलवा असं फर्मान काढलं. तो बिचारा आला, तिखटानं त्याच्या चष्म्यावर वाफ धरली. सासूबाई समोर पाट घेऊन बसल्या आणि मला म्हणाल्या, “त्याले ईचार, तुन्हा बाप शे का?”

मी इंग्रजीत विचारलं. आहे, म्हणाला.

“मंग बापले फोन लाव म्हना. पोऱ्याले काय माहीत?” मग जरा थांबून, भाकरीचा पापुद्रा उगाच काढत त्या म्हणाल्या, “मन्हा बाप धरनगावना पैलवान व्हता. पंचक्रोशीम्हान त्याना डंका. आते तठे जाईसन ईचार, कोनले ठाऊक शे?” लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासूबाईंचे वडील पैलवान होते हे मी त्या दिवशी प्रथम ऐकलं. ह्यांनीही.

इटलीवाले यायला तयार नव्हते. सासूबाई गुडघे धरत जिना चढल्या आणि वर जाऊन एवढंच म्हणाल्या, “चाल.” माम्मानं चल म्हटल्यावर युरोपच्या चॅम्पियनची काय टाप होती? कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथपर्यंत आमची वरात गेली. पुढे सासूबाई, मागे मान खाली घातलेले इटलीवाले, मग इंजिनियर, आम्ही दोघं, आणि रविवारच्या सुट्टीमुळे रिकामी असलेली निम्मी गल्ली. दगडूभाऊही कुठून तरी उगवला.

काचेच्या खोलीत जाऊन इंजिनियरनं नंबर फिरवला. बापाशी इकडचं तिकडचं बोलला, मग काचेतून बाहेर बघत त्यानं ते लांबलचक नाव घेतलं. पलीकडे काहीच आवाज आला नसावा, कारण तो दोनदा ‘हॅलो, हॅलो’ म्हणाला. आणि मग एकदम, बंद दारातून बाहेर आम्हाला ऐकू जाईल इतका मोठा आवाज त्या रिसीव्हरमधून फुटला. इटलीतला तो माणूस ओरडत होता. मुलगा आधी हसला, मग हसायचा थांबला, मग पाठ सरळ करून उभा राहिला. त्यानं दार उघडलं आणि देवळात प्रसाद देतात तसा दोन्ही हातांनी रिसीव्हर इटलीवाल्यांपुढे धरला.

ते आत गेले. बोलले फार कमी. नुसतं “सी… सी…” म्हणत राहिले. मधे एकदा कपाळ काचेला टेकवलं. बूथवाला गुजराती काका एरवी मीटरवरून नजर हलवत नसे. तो उठून दाराशी आलेला पाहून मला गंमत वाटली.

आतलं बोलणं होईपर्यंत इंजिनियरनं आम्हाला सांगितलं. त्याचे वडील लहान असताना आजोबांच्या खांद्यावर बसून यांची लढत बघायला गेले होते. मी विचारलं, “जर्मनाबरोबरची?” तो म्हणाला, “नाही. फ्रेंच माणसाबरोबरची. ती ते हरले होते.”

हरले? पाण्याच्या पिंपासमोर इतक्या रात्री काढल्या, पण कुणी फ्रेंच माणूस आमच्या घरात कधी आला नव्हता.

त्या रात्री पंचांनी निकाल फ्रेंच माणसाच्या बाजूनं दिला, आणि सभागृहातले लोक पेटले. खुर्च्या उडायला लागल्या. फ्रेंच माणूस घाबरून कोपऱ्यात उभा. तेव्हा इटलीवाल्यांनी स्वतः जाऊन त्याचा हात वर उचलला. गर्दी तरीही मागे हटेना, तसा आपला लाल रेशमी झगा, ज्याच्या पाठीवर यांचं नाव होतं, तो त्याच्या अंगावर घातला, टोपी डोळ्यांवर ओढली आणि त्याला गर्दीतून बाहेर पाठवून दिलं. लोकांना वाटलं आपलाच चॅम्पियन चाललाय, त्यांनी वाट दिली. इटलीवाले मात्र उघड्या अंगानं मागे राहिले. “आमच्या गावात अजून कुणी रडीचा डाव खेळला की म्हातारी माणसं यांचं नाव घेतात,” इंजिनियर म्हणाला. “मी ते लहानपणापासून ऐकतोय. मला वाटायचं, ती एक म्हण आहे. असा माणूस खरा असेल हे माहीतच नव्हतं.”

इटलीवाले बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. सासूबाईंनी आधी मला तो सगळा प्रकार अहिराणीत सांगायला लावला, आणि मग त्यांच्यावरच उखडल्या. “आनी हाई गोष्ट आमले कसाले नही सांगी?” मी ते इंग्रजीत विचारलं तेव्हा इटलीवाल्यांनी खांदे आणखी वर, पार कानांच्याही वर नेले. “आय लॉस्ट, मादाम,” ते म्हणाले. हरलो, त्यात सांगायचं काय, असा चेहरा. मी म्हटलं, “झगा तरी परत मिळाला का?” त्यावर मात्र त्यांच्या कपाळाला आठी पडली. “नो. गुड सिल्क. न्यू!”

त्या रात्री त्यांनी शेवभाजी तीनदा घेतली. जर्मन मात्र पुन्हा आमच्या घरी आला नाही. पिंपात आम्ही निर्धास्तपणे पाणी भरू लागलो.

दिवाळीच्या आधी लूम सुरू झाले, तसे ते जायला निघाले. दगडूभाऊ आणि मंडळींनी पहिल्या लूमवरचं पहिलं कापड काढलं, रंगवून लालभडक करून आणलं आणि झगा शिवायला टाकला. उधन्यातल्या शिंप्याला बॉक्सिंगचा झगा ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्यानं सुरतेत जो झगा सर्वांत जास्त खपतो तोच शिवला, म्हणजे बायकांचा गाऊन, छातीवर चुण्या आणि गळ्याला नाडी. पाठीवर खऱ्या जरीत ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: इटलीवाला. आम्हाला हसू आवरेना, पण त्यांनी तो स्टेशनवरच शर्टावर चढवला, नाडी बांधली आणि हमाल, फेरीवाले, दोन गाड्यांचे प्रवासी बघत असताना प्लॅटफॉर्मच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत संथपणे चालून दाखवलं. सासूबाईंसमोर आले तेव्हा मात्र वाकून पायांना हात लावला. आमच्यातलं बघून शिकले असावेत. सासूबाईंनी त्यांच्या त्या वाकड्या नाकावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “नीट जाय रे भो.” गाडी हलली तशी खिडकीतून लाल बाही बराच वेळ दिसत राहिली.

वरचा मजला आम्ही मग बँकेतल्या एका तरुण जोडप्याला दिला. वर्षं गेली. एका दुपारी दाराशी धोतर नेसलेले, कान मोडलेले एक वयस्कर गृहस्थ उभे. नंदुरबारकडचे जुने पैलवान. लेकीकडे सुरतेला आले होते. “इटलीवाले पैलवान इथंच राहतात का?” त्यांनी विचारलं. ते केव्हाच परत गेले म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. मी त्यांना बसवून चहा दिला. आपल्या तालमीत पोरांना इटलीवाल्यांची गोष्ट सांगतो, म्हणाले. शत्रूला स्वतःचे कपडे घालून आगीतून बाहेर काढणारा पैलवान. ती आग कुठून आली हे मी विचारलं नाही. पत्ता मागितला त्यांनी, पण आमच्याकडे नव्हता. हयात आहेत का, तेही ठाऊक नव्हतं.

निघताना अंगणात थांबून त्यांनी विचारलं, “वरतीच राहायचे ना?” मी हो म्हटलं. त्यांनी टोपी काढली आणि वरच्या गॅलरीकडे बघून हात जोडले. गॅलरीत बँकेतल्या माणसाची बायको टॉवेल वाळत घालत होती. तिला काही कळलं नाही. पण तिनं चिमटा दातांत धरला, टॉवेल खांद्यावर टाकला आणि तितक्याच अदबीनं खाली बघून त्यांना नमस्कार केला.